मसाविच्या शिडीवर कुठे थांबायचं?

पत्र :

‘पारोळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्याकडे पाचवी-सहावीचा जोडवर्ग आहे. विभाजक शिकवून झाले, आता सहावीला मसावि (महत्तम सामाईक विभाजक) चालू आहे आणि मागोमाग लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) घेतलाय. पोरं शिडी मांडतात, उत्तर काढतात आणि निम्म्यांचं चुकतं. परवा वर्गातल्या चांगल्या हुशार मुलीने १२ आणि १८ चा मसावि ३६ काढला. चूक आहे म्हटलं तर म्हणाली, “मॅडम, तुमी सांगितलं तसंच केलंय.” आमचे एक सर म्हणतात, “जास्तीत जास्त” दिसलं की मसावि, “कमीत कमी” दिसलं की लसावि, एवढं पाठ करून घ्या, परीक्षेला पुरतं. त्यात घरी सगळी अहिराणी बोलतात, विभाजक-विभाज्य हे शब्द तोंडात बसतच नाहीत. पाढे बाराच्या पुढे कच्चे. कुठून सुरुवात करू?’

– एक शिक्षिका

प्रिय ताई,

त्या मुलीचं म्हणणं खरं आहे. तिची वही डोळ्यांसमोर आणा. १२ आणि १८ शेजारी-शेजारी, डावीकडे २. खाली ६ आणि ९, डावीकडे ३. खाली २ आणि ३. मसाविसाठी इथे थांबायचं होतं, कारण २ आणि ३ या दोघांनाही भाग जाईल असा १ सोडून कुणी उरला नाही. डावीकडचे २ आणि ३ गुणले की ६. ती मात्र थांबली नाही. २ ला २ ने भागलं, ३ ला ३ ने भागलं, तळाला १ आणि १ आले आणि मग डावीकडचं सगळं गुणलं : २ × ३ × २ × ३ = ३६. हा लसावि आहे आणि बिनचूक आहे. दोन्हींची मांडणी एकच, सुरुवातही एकच. एकात अर्ध्यावर थांबायचं, दुसऱ्यात तळापर्यंत जायचं. आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही शिकवलं, तर पोरांनी गल्लत केली नाही तरच नवल.

म्हणून त्या मुलीला रागावू नका आणि पुन्हा शिडी समजावूनही सांगू नका. तिला एवढंच विचारा : ‘३६ ने १२ ला भाग जातो का?’ ती क्षणात ‘नाही’ म्हणेल. मग विचारा, ‘मग ३६ हा बाराचा विभाजक कसा?’ इथे ती गप्प झाली, तर समजा की अडचण मसाविची नाहीच, ती दोन धडे आधीची आहे. विभाजक म्हणजे काय हे ज्याच्या हाताखालून गेलंय, ते पोर दोन संख्यांपेक्षा मोठा मसावि लिहिताना आपोआप अडखळतं. तुमच्या वर्गात ते अडखळणं तयार व्हायला हवंय. माझा सल्ला सांगायचा तर शिडी सध्या गुंडाळून ठेवा आणि लसावि महिनाभर वर्गात आणूच नका. अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून जीव घाबरा होईल, होऊ द्या. दोन्ही अर्धवट शिकवून परत शिकवायला लागणारा वेळ यापेक्षा जास्त आहे.

सुरुवात चिंचोक्यांपासून करा. आपल्याकडे त्यांना तोटा नाही, पोरं खिशातून घेऊनच येतात. दोघा-दोघांत मूठभर द्या आणि सांगा : बारा चिंचोके रांगांत लावायचे, प्रत्येक रांगेत सारखे, एकही उरायला नको. कुणी दोन रांगा सहा-सहाच्या लावेल, कुणी तीन चार-चारच्या. एखादा पाच-पाचच्या लावायला जाईल आणि दोन हातात राहतील. तुम्ही फक्त फिरत राहा आणि विचारत राहा, ‘कितला उरनात?’ अहिराणीतच विचारा. ‘बाकी शून्य’ हे त्यांना फळ्यावरचं वाटतं, ‘काहीच उरनं नही’ हे त्यांचं स्वतःचं असतं. जो आकडा लावून काहीच उरलं नाही, तो वहीत लिहायचा. १, २, ३, ४, ६, १२. दोन दिवस हेच. ‘विभाजक’ हा शब्द तिसऱ्या दिवशी आणा, तोपर्यंत पोरांकडे त्याच्यात घालायला काहीतरी जमलेलं असेल. आणि शब्द सुटा कधीच बोलू नका. ‘४ हा १२ चा विभाजक’ असं अख्खं वाक्य बोलायचं, पोरांकडूनही तेच बोलून घ्यायचं. ‘विभाज्य’ लसाविच्या वेळी बघू.

एक गोष्ट नक्की होईल. १ आणि १२ ही दोन टोकं पोरं विसरतील. बारा चिंचोक्यांची एकच लांब रांग त्यांना ‘रांगा लावणं’ वाटतच नाही. आणि बारा रांगा एकेकाच्या म्हणजे तर त्यांना तुमची थट्टा वाटते. ते सांगून सोडू नका, लावायलाच लावा. मग १३ द्या. पोरं खटपट करतील. दोन, तीन, चार, पाच, सहा, काहीही केलं तरी उरतंच. एखादं पोर म्हणेल, ‘मॅडम, हा खराब आकडा आहे.’ म्हणू द्या. मूळ संख्या हे नाव त्याला नंतर मिळेल, ओळख मात्र त्या वेळीच झाली.

पाचवीवाले सर्वांत जास्त कुठे फसतात, तर यादी कधी संपली हे त्यांना कळत नाही. २४ चे विभाजक लिही म्हटलं की १, २, ३, ४, ६ लिहून वर बघतात, ‘झालं का?’ म्हणून. त्यांना जोडीने लिहायची सवय लावा. १ सुचला की लगेच त्याचा जोडीदार २४. २ सोबत १२. ३ सोबत ८. ४ सोबत ६. आता ५? उरतात. पुढचा ६, पण तो तर आधीच जोडीत आलाय. म्हणजे यादी संपली. पोराने स्वतः ‘संपली’ म्हणायचं, तुम्ही मान डोलवायची वाट बघायची नाही. १६ ला गंमत होते, ४ चा जोडीदार ४ च. ३६ ला ६ चा ६. असे आकडे आले की विभाजकांची संख्या विषम येते. हे तुम्ही सांगू नका, पोरांनाच सापडू द्या. त्यासाठी एक कागद भिंतीवर लावा : १ ते ३० आणि प्रत्येकापुढे त्याचे विभाजक. पाचवीच्या प्रत्येकाला दोन-तीन आकडे वाटून द्या. कागद भरला की प्रश्न विचारा. कुणाचे फक्त दोनच? (२, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९.) कुणाचे तीनच? (४, ९, २५.) सर्वांत जास्त कुणाचे? २४ आणि ३०, आठ-आठ. ‘आकडा मोठा तर विभाजक जास्त’ असं पोरांच्या डोक्यात पक्कं असतं. २४ च्या खालच्याच ओळीत २५ आणि त्याचे फक्त १, ५, २५ हे दिसलं की तो समज कुणीही न सांगता सुटतो.

पाढ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय. पाढे पक्के होईपर्यंत थांबलात तर वर्ष जाईल. वीसपर्यंतच्या पाढ्यांचा तक्ता भिंतीवर असू द्या, बघून करू द्या. विभाजक शोधताना पोर पाढा उलटा चालतं, ‘५६ कोणकोणत्या पाढ्यात येतो?’ असं. असं उलटं फिरून पाढे जितके बसतात तितके सकाळच्या कोरसात बसत नाहीत, असं माझं मत आहे. कोरस बंद करा असं म्हणत नाही, पण त्याच्यावर सगळा भार नको.

जोडवर्ग ही इथे तुमची अडचण नाही, सोय आहे. पाचवीने भिंतीवर याद्या केल्या, सहावीने त्या वापरायच्या. १२ ची यादी आणि १८ ची यादी एकाखाली एक काढा : १, २, ३, ४, ६, १२ आणि १, २, ३, ६, ९, १८. दोन्हींत असलेल्यांना गोल : १, २, ३, ६. त्यांतला मोठा ६. मसावि काढायची सहावीच्या मुलांना पुरणारी रीत एवढीच आहे आणि पंधरा-वीस उदाहरणं याच रीतीने होऊ द्या. त्यांत तीन जातीची उदाहरणं मुद्दाम घाला. एक, ८ आणि २४ सारखं. ८ हाच मसावि आहे हे पोरांना पटत नाही. ‘दिलेलाच आकडा उत्तर कसा?’ म्हणून ते ४ लिहितात. दुसरं, ९ आणि १६ सारखं. इथे ते ० लिहितात किंवा ‘मसावि नाही’ लिहितात. यादीत १ ला गोल पडलेला दाखवा. अशा संख्यांना सहमूळ म्हणतात एवढं सांगून पुढे जा. तिसरं, १५ आणि १५. हसतील, पण करू द्या.

आता जे मला सगळ्यात आवडतं ते. चौकडीच्या वहीचं पान घ्या आणि त्यावर २० चौकटी लांब, ८ चौकटी रुंद असा आयत आखून कापा. प्रश्न असा : सगळ्यांत मोठ्या कोणत्या सारख्या चौरस फरशा यात बसतील, एकही न तोडता? यादीवरून उत्तर ४. पण कात्रीनेही येतं. आयतातून बसेल तेवढा मोठा चौरस कापा : ८ × ८. उरला १२ × ८. पुन्हा ८ × ८ कापा. उरला ४ × ८. आता ४ × ४ कापा, उरलं तेही ४ × ४. संपलं. शेवटचा चौरस ४ चा, मसावि ४. मग १५ × ९ द्या : आधी ९ चा चौरस, मग ६ चा, मग ३ चे दोन. मसावि ३. मग गुपचूप ८ × ७ द्या. ७ चा चौरस कापला की एक चौकट रुंदीची पट्टी हातात राहते आणि तिचे एकेक चौकटीचे सात तुकडे करत बसावं लागतं. सहमूळ म्हणजे काय हे त्या सात तुकड्यांनंतर विसरत नाही कुणी.

हे का जमतं, तेही सहावीच्या पोरांना सांगता येतं. जी फरशी अख्ख्या आयतात नीट बसते, ती कापलेल्या चौरसातही नीट बसलीच पाहिजे. मग उरलेल्या तुकड्यातही तीच बसणार. म्हणून मोठा आयत सोडून उरलेल्या लहानातच शोधलं तरी चालतं. आकड्यांत हेच म्हणजे २० मधून ८ वजा, १२ मधून ८ वजा, आणि उरलेल्या ४ ने ८ ला भाग जातो का ते बघणं. वजाबाकी पुन्हा पुन्हा केली की तो भागाकार. ग्रीसच्या युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हीच रीत लिहून ठेवली. आणि आपल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत (ती ११५० ची) कुट्टकाच्या (पूर्ण संख्यांत उत्तर हवं असलेली समीकरणं सोडवायच्या रीतीच्या) प्रकरणात सुरुवातीलाच हे येतं : दोन संख्या एकमेकींनी भागत जायच्या, शेवटी जो भागणारा शेष उरेल ते त्यांचं अपवर्तन, म्हणजे आपला मसावि. हे पोरांना जरूर सांगा, कारण चाळीसगावजवळचं पाटण तुमच्याच जिल्ह्यात आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख पाटणच्या देवळात आहे. पाटणादेवीला सहल गेली तर देवीचं दर्शन आणि धबधबा बघून गाडी वळते, या शिलालेखापाशी उभं राहून कुणी पोरांना दोन वाक्यं सांगत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

असो. आता तुमच्या सरांचा मुद्दा. ‘जास्तीत जास्त म्हणजे मसावि, कमीत कमी म्हणजे लसावि’ ही चावी इतकी सोपी आहे की ती कधीतरी लागते. म्हणूनच ती घातक आहे. त्यांना हे एक उदाहरण सोडवायला द्या, भांडण न करता :

एका टोपलीत ४२ केळी आहेत, दुसरीत ५६ पेरू. केळी आणि पेरू मिसळायचे नाहीत, पण प्रत्येक पिशवीत नग सारखेच हवेत आणि काहीच उरायला नको. कमीत कमी किती पिशव्या लागतील?

‘कमीत कमी’ दिसलं म्हणून पाठ केलेलं पोर लसावि काढणार : १६८. टोपल्यांत मिळून फळं ९८. पिशव्या १६८? पिशव्या कमी हव्यात म्हणजे प्रत्येक पिशवी मोठी हवी. पिशवीत बसणारा आकडा ४२ चाही विभाजक हवा, ५६ चाही. सामाईक १, २, ७, १४. मोठा १४. केळ्यांच्या ३ पिशव्या, पेरूंच्या ४, एकूण ७. प्रश्नात ‘कमीत कमी’ आणि आत मसावि. ४८ आणि ६० असे आकडे मी मुद्दाम घेतले नाहीत. आपल्याकडची पोरं केळीच्या मुलखात वाढलेली. ‘डझन-डझन भरा’ म्हणून मोकळी होतील आणि आपल्याला वाटेल मसावि समजला.

चावीच्या जागी एकच प्रश्न विचारायची सवय लावा : दिलेल्या आकड्यांचे तुकडे करायचेत, की त्यांना पुढे पुढे वाढवत न्यायचंय? फळं वाटणं, दोरी कापणं, फरशा बसवणं यांत असलेल्या वस्तूचे वाटे पडतात, उत्तर लहान येतं. दर २० मिनिटांनी सुटणारी एक एसटी आणि दर ३० मिनिटांनी सुटणारी दुसरी, दोन्ही पुन्हा एकत्र कधी सुटतील, यात वेळ पुढे जातो, उत्तर मोठं येतं. हे दुसरं महिन्यानंतर.

परीक्षेची काळजी सरांना आहे ती रास्त आहे, पोरांना पर्यायांतून पटकन निवडता आलं पाहिजे. पण त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. ‘१८ आणि २७ चा मसावि किती?’ पर्याय : ५४, ६, ९, ३. ५४ दोघांपेक्षा मोठा, बाद. ६ ने २७ ला भाग जात नाही, बाद. ३ आणि ९ दोन्हींनी दोघांना भाग जातो, त्यांतला मोठा ९. शिडी मांडायच्या आत उत्तर आलं. आणि ज्यांनी कात्री चालवलीय त्यांना अजून एक गोष्ट देता येईल : मसाविने दोन संख्यांच्या फरकालाही भाग जातो. २७ आणि १८ चा फरक ९, म्हणजे मसावि ९ च्या विभाजकांपैकीच कुणीतरी. ४२ आणि ५६ चा फरक १४. १४ ने दोघांना भाग जातो, काम तिथेच संपलं. ही युक्ती पोरांना विनाकारण पाठ करायला देऊ नका. आधी कागद कापलेला असेल तरच द्या, म्हणजे ‘का?’ विचारलं तर त्यांना सांगता येईल.

मसावि कशाला शिकायचा, असं एखादं पोर विचारेलच. अपूर्णांक हे त्याचं खरं ठिकाण. १८/२४ ला पोरं २ ने भागून ९/१२ करतात, मग ३ ने भागून ३/४. काही ९/१२ वरच थांबतात आणि अतिसंक्षिप्त रूप झालं म्हणून सोडून देतात. मसावि ६ माहीत असेल तर एका भागाकारात ३/४. सहावीला अपूर्णांकांची उजळणी करताना हे जोडून घ्या, वेगळा धडा काढू नका.

शिडीचं म्हणाल तर ती शेवटी आणाच, मोठ्या संख्यांना याद्या पुरत नाहीत. फक्त तेव्हा प्रत्येक पायरीवर पोराने मोठ्याने म्हणायचं, ‘दोघांना भाग जातो का?’ ‘नाही’ आलं की तिथे आडवी रेघ मारायची. रेघेच्या वरचं गुणलं की मसावि. पुढे लसावि शिकवाल तेव्हा तीच शिडी घ्या, तीच रेघ ठेवा, रेघेच्या खालचंही गुणायला सांगा. उत्तर लिहिण्याआधी एक नजर : मसावि लहान संख्येपेक्षा मोठा आलाय का, लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान आलाय का. आला असेल तर शिडीकडे परत.

चौकडीच्या वह्या सगळ्यांकडे नसतील तर फळ्यावर चौकटी आखून एकदा करून दाखवू नका, त्याने काही होत नाही. दोघांत एक पान पुरतं, कात्री चौघांत एक. आयताचे आकडे २४ च्या आतले ठेवा, नाहीतर कापण्यातच तास जाईल.